पहिल्या अळीचा ढोल

फार जुनी गोष्ट. कुठल्या राजाच्या काळातली ते विचारू नका. राजे विसरले गेले, गोष्ट तेवढी उरली.

नदीकाठच्या एका गावात रीत होती. ज्याच्या ज्वारीत लष्करी अळी पहिल्यांदा दिसेल, त्याने ढोल वाजवायचा. मग सगळ्या गावाने धावून जायचं, त्याचं रान हिरवंच कापायचं आणि भोवती चर खणायचा, म्हणजे अळी पुढे सरकत नसे. सुगीला घरटी एक पायली ज्वारी देऊन गाव त्याचं पेव भरत असे. त्यामुळे त्या घरी कधी उपास पडला नाही.

सुभानजीची ज्वारी त्या वर्षी पुरुषभर वाढली होती. देवीपुढे पहिली पेंढी ठेवायचा मान यंदा आपलाच, असं तो चार ठिकाणी बोलूनही बसला होता. आणि एका सकाळी बांधालगतच्या दहा ताटांच्या पोंग्यात, कोवळ्या पानांच्या सुरळीत, त्याला अळ्या दिसल्या.

त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ढोल वाजवा."

"दहा ताटांपायी सगळं रान कापू? मी वेचतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

रोज सकाळी तो अळ्या वेचून मडक्यात भरू लागला. पण दहा ताटांची वीस झाली, विसांची शंभर. वाटेने कुणी गेलं की तो मडकं घोंगडीखाली लपवी. कुणी पिकाचं कौतुक केलं तरी त्याला घाम फुटे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आठव्या दिवशी ढोल वाजला. वाजवत होती शेजारची म्हातारी सोनुबाई. सुभानजीच्या बांधाला लागून तिचा एवढासा तुकडा, त्यातल्या तीन ताटांवर अळी. तिने क्षणभरही विचार केला नव्हता.

गाव विळे घेऊन धावलं. सुभानजीलाही जावंच लागलं. ज्वारी आडवी होत होती, म्हातारी बांधावरून बघत होती. चर खणला जात होता तो चुकीच्या रानाभोवती, आणि हे गावात फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला ठाऊक होतं. दोघांची नजरानजर झाली आणि बायकोने मान खाली घातली. ती लाज त्याला सोसवेना. अर्धं रान पडल्यावर त्याने विळा टाकला.

"थांबा. पहिली अळी माझ्या रानात होती. आठ दिवस झाले."

सगळे तिकडे पळाले. पण बैल गेला अन् झोपा केला. अळी कधीच पलीकडच्या शिवारात उतरली होती. चर खणून खणून लोकांच्या हातांना फोड आले, तरी सुगीला गावभर नुसते बुडखे उभे होते.

सोनुबाईने त्याला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "बाबा, तुझं रान कापून आम्ही तुला वर्षभर पोसलं असतं. आता आम्हा सगळ्यांना कोण पोसणार?"



तात्पर्य: रानाला कीड लागणं हा कुणाचा दोष नाही, पण ती लपवणाऱ्याचा दोष साऱ्या गावाला भोवतो.