कुठला पाय

"...मग नेता मी का नाही, अप्पा?"

निनादने हे विचारलं तेव्हा आमचा तंबू लागलेला होता, चहाही उकळला होता. दोन्ही त्यानेच केलं होतं.

अप्पा मोहित्यांनी त्याला साताऱ्याकडच्या गडांवर चढायला शिकवलेलं. आता ते इकडे कॅलिफोर्नियात, आम्ही राहतो तिथे, लेकीकडे आले होते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या संस्थेची हिमालयात मोहीम निघणार होती आणि नेता अप्पाच नेमणार होते. म्हणून स्टेट पार्कातल्या रेडवूडच्या जंगलात हा मुक्काम. लग्नानंतरची आपली पहिली सहल, असं मला सांगण्यात आलं होतं.

अप्पा वर बघत होते. झाडाचा शेंडा दिसत नव्हता.

"तीनशे फूट," निनाद म्हणाला. "पण मुळं खोल नाहीत. शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंतलेली असतात, म्हणून वादळातही टिकतात."

वाटेतली एकही पाटी त्याने वाचायची सोडली नव्हती.

"चहा झकास झालाय," अप्पा म्हणाले.

"अप्पा, विषय बदलू नका. तुमच्या पोरांत माझ्याइतकं चालणारा आहे कोण? आजसुद्धा तुमच्या आधी कधीचा पोचलो."

"पोचलास खरा..."

"मग?"

"सूनबाईंचा कुठला पाय दुखतोय?"

निनादने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही पाय बाकाखाली घेतले. त्याला मदत करायची नव्हती असं नाही, पण प्रश्न मला नव्हता.

"उजवा," तो म्हणाला.

अप्पा चहा पीत राहिले.

"...डावा?"

अप्पांनी खिशातून जखमेवर लावायची पट्टी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

निनाद माझ्यापुढे खाली बसला. आधी उजवा बूट सोडला. काही नव्हतं. मग डावा. नवा बूट टाचेला चांगलाच चावला होता. मोजा चिकटून बसला होता.

"अगं, बोलायचं नाही का?"

"कोणाशी?" मी म्हटलं.

त्याने पट्टी लावली. जरा वाकडी, पण लावली.

"ठीक आहे, अप्पा," हात झटकत तो म्हणाला. "उद्या सगळ्यांत मागे मी. माझ्याइतकं मागे कोणी चालणारच नाही, बघाच तुम्ही. मग तरी नेमाल?"

अप्पांनी रिकामा कप त्याच्या हातात दिला.

"चाल की मागे. पण त्यातही पहिला येऊ नकोस."