धाकटीचं आभाळ

फार पूर्वी उत्तरेकडच्या थंड रानात एकाच देठावर दोन बहिणी उमलल्या. दोघी इवल्या गुलाबी घंटांसारख्या, मान खाली घातलेल्या. धाकटीला मात्र आभाळ बघायचं होतं.

“ताई, मान खाली घालायला आपण काय चोरी केलीय?” असं म्हणत तिने तोंड वर केलं. तेवढ्यात सर आली आणि ती काठोकाठ भरली.

शेजारच्या तशाच वेलीच्या फुलांचे पराग अंगावर घेऊन एक माशी आसऱ्याला आली. “अगं बाई, तुझ्यात तर तळं झालंय!” म्हणत ती थोरलीत शिरली.

आता आपल्यात बी कसं धरणार? धाकटीने घाबरून मान खाली घातली. पाणी खालच्या पानावर सांडलं.

“आता ये की, माशीबाई!”

माशी आली. धाकटी खाली बघतच राहिली. पानावरच्या पाण्यात अख्खं आभाळ उतरलं होतं.