खडूला फेस आला नाही

“गुरुजी, तुमच्याकडे फेस येणारा खडू आहे का?”

चपला काढता काढताच अर्पिता ढगेने विचारलं. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही. खांद्यावरची वह्यांची पिशवी घसरून कोपरात आली होती, तिकडेही तिचं लक्ष नव्हतं.

लोखंडे गुरुजी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. याच गुरुजींनी तिला सातवीत विज्ञान शिकवलं होतं. आता ते निवृत्त, आणि त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गावर ती विज्ञान शिकवते.

“आधी बस. पाणी पी. मग फेसाचं बोलू.”

ती बसली, पण कशी, तर एसटी सुटायला आलेल्या माणसासारखी. तांब्या तोंडाला लावला, त्यातलं निम्मं पाणी ओढणीवर सांडलं.

“उद्या विस्तार अधिकारी येतायत, माझा पाठ बघायला. माझी तीन वर्षं संपली, गुरुजी. कायम करायचं की घरी बसवायचं, ते उद्याच्या शेऱ्यावर ठरणार. आणि माझा खडू... माझ्या खडूला फेस येत नाही हो!”

हसू यावं असंच बोलणं होतं. गुरुजी हसले नाहीत.

खोटं कशाला बोला, पोरगी हुशार. एम.एस्सी., रसायनशास्त्रात विद्यापीठात दुसरी. हे समोरच्याला कळायला फार वेळ लागत नसे, कारण तीच सांगायची. पाठही तिने असा बांधला होता की ऐकणाऱ्याने वाहवा म्हणावं. तीन बशा. एकीत अंड्याचं टरफल, एकीत शहाबादी फरशीचा तुकडा, एकीत खडू. तिन्हींवर व्हिनेगर ओतायचं. तिन्हींना फेस येणार, म्हणजे तिन्हींत पदार्थ एकच, चुनखडी. कोंबडीच्या पोटातला, जमिनीच्या पोटातला आणि फळ्यावरचा. जीव, पृथ्वी आणि रसायन, सगळं एका तासात!

सोमवारी तिने सातवीवर रंगीत तालीम घेतली. टरफलाला फेस आला. फरशीला आला. खडू मात्र बशीत ढिम्म पडून राहिला.

एकेचाळीस पोरं टक लावून बघत होती.

“मग?” गुरुजींनी विचारलं.

“मग म्हटलं, व्हिनेगर जुनं झालंय. आणि... पाठमोरी होऊन बशीत चिमूटभर खायचा सोडा टाकला.”

“आला फेस?”

“आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.”

गुरुजी शेंग सोलत राहिले.

“घरी जाऊन शोधलं,” अर्पिताचा आवाज बारीक झाला. “हल्ली फळ्याचा खडू जिप्समचा करतात. त्याला फेस येतच नाही. मला माहीत असायला हवं होतं, एवढं शिकून! पण पाठाचं टाचण साहेबांकडे आधीच गेलंय. त्यात लिहिलंय, तिन्ही बशांत फेस. आता ऐन वेळी कसं बदलू? मेले मी, गुरुजी. तुमच्या जुन्या सामानात चुनखडीचा एखादा खडू असला तर...”

गुरुजी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले.

आत डबे वाजू लागले. एक उघडला, दुसरा उघडला. प्रत्येक झाकणासरशी तिचा जीव खालीवर होत होता. नसला तर? असून दमट झाला असला तर?

गुरुजी बाहेर आले. एका हातात पांढरी कांडी, दुसऱ्या हातात लिंबाची फोड. कांडीवर लिंबू पिळलं.

फस्स!

“अगं बाई!” अर्पिताने दोन्ही हात जोडले. “वाचवलंत!”

“पिशवीत काय आहे?”

“वह्या. सोमवारीच घरी करून बघायला सांगितलं होतं. प्रत्येकाला अर्धा अर्धा खडू दिला. लिंबू पिळा, काय दिसलं ते लिहा. सगळ्या तपासल्यात, साहेब वह्याही बघतात ना.”

गुरुजींनी चष्मा लावला. पहिली वही उघडली. ‘फेस आला.’ दुसरी. ‘खूप फेस आला.’ तिसरीत फेस बशीबाहेर उतू गेला होता. प्रत्येक पानावर लाल खूण, बरोबर.

“घरी दिलास तो खडू कुठला?”

“शाळेतलाच.”

“जिप्समचा?”

ती पिशवीचा बंद सारखा करू लागली.

“आणि घरोघर फेस आला!” गुरुजी म्हणाले. “शहाणी गं पोरं तुझी.”

अर्पिताने मान खाली घातली. गुरुजी वह्या चाळत राहिले. शेवटून तिसऱ्या वहीवर त्यांचा हात थांबला.

जुलेखा शिकलगार, सातवी ब.

‘फेस आला नाही.’

त्यावर लाल फुली. बाजूला अर्पिताचं अक्षर: पुन्हा कर.

खाली त्याच पोरीने लिहिलं होतं, ‘पुन्हा केलं. दोन लिंबं पिळली. फेस आला नाही.’

त्यावर दुसरी फुली. ही इतकी दाबून मारलेली, की पान मागून उठलं होतं.

“ही फुली कधीची?”

“कालची, बुधवारची.”

“आणि खडूचं तुला कळलं सोमवारी.”

“साहेबांच्या हाताला नेमकी तीच वही लागली आणि तिच्यावर बरोबरची खूण असली तर?” अर्पिता एकदम बोलली आणि तिथेच तिला रडू फुटलं. “मला भीती वाटली हो! एकेचाळिसांत हीच एक अशी का, म्हणून राग आला तिचा. लाज वाटते सांगायला.”

गुरुजींनी तिला रडू दिलं. मग ती पांढरी कांडी धोतराला पुसून तिच्या तळहातावर ठेवली.

“घे. उद्या तिन्ही बशा फसफसतील. साहेब खूश, तू कायम.”

तिने कांडी मुठीत धरली.

“एक काम मात्र आठवणीने कर,” गुरुजी म्हणाले. “जाताना शिकलगारांच्या घरावरून जा. त्या पोरीला सांग, उद्या शाळेत येऊ नकोस.”

अर्पिताने वर पाहिलं. गुरुजींचा चेहरा अगदी साधा होता, चेष्टेचा मागमूस नव्हता.

जुलेखा दुसऱ्या बाकावर बसते. प्रयोग सुरू झाला की मान एवढी पुढे काढते की वेणी बशीत पडेल. उद्या तिसऱ्या बशीत फेस येताना ती बघेल. मग स्वतःच्या वहीकडे बघेल. मग बाईंकडे बघेल आणि वर्गात सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवील. यापुढे कधी ‘नाही’ लिहिणार नाही.



अर्पिताने मूठ उघडली आणि कांडी गुरुजींच्या पुढ्यात ठेवली.

“शाळेतलाच खडू ठेवते.”

“व्हिनेगर कोण ओतणार?”

“जुलेखा. आणि सोमवारचा सोडा... तो मीच सांगते. साहेबांच्या देखत.”

“हं.”

ती पिशवीत वह्या भरू लागली. एक वही दोनदा खाली पडली. पायरी उतरली, चपला घातल्या आणि परत वळली. चेहरा उतरून गेला होता.

“पण गुरुजी... उद्या मीच नापास झाले, तर?”

गुरुजींनी शेंगांची टोपली पुढ्यात ओढली.

“तर तसं लिहायचं.”