सावलीच्या कडेचं आळं

राजे स्वतः बागेत फेरी मारत असत, तेव्हाची ही गोष्ट. त्या बागेत एक खुरपं होतं. तीस वर्षं आळी करून त्याची मूठ गुळगुळीत झाली होती. आळं करायचं ते बुंध्याला लागूनच, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

एका उन्हाळ्यात थोरली बकुळ वाळायला लागली. महिन्याभरात पालवी फुटली नाही तर तोडायची असं ठरलं आणि कुऱ्हाडीला धार लावली गेली.

खुरप्यानं बुंध्याशी आळं आणखी खोल केलं. तेव्हा मातीतून गांडूळ वर आलं. "काका, इथली मुळं झाडाला नुसती धरून ठेवतात. पाणी पिणारी कोवळी मुळं पार सावलीच्या कडेला आहेत."

"कालच्या पोरानं मला आळं शिकवू नये," खुरपं चिडून म्हणालं. तेवढ्यात बकुळीचं एक वाळकं पान त्याच्या पात्यावर पडलं. खुरप्यानं ते निरखून पाहिलं. मग म्हणालं, "दाखव बघू."

"म्हातारपणी शाळेत चाललं," म्हणून फावडी हसली. खुरपं मात्र रोज सकाळी गांडुळामागून गेलं. सावलीच्या कडेनं त्यानं नवं आळं केलं आणि झारीनं ते भरलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेंड्याला पालवी फुटली. कुऱ्हाड आली तशीच परत गेली.

फावड्यांनी खुरप्याला बागभर मिरवलं. "काका, आता आम्हालाही शिकवा."

"शिकवीन की, संध्याकाळी," खुरपं म्हणालं. "आत्ता मला उशीर होतोय. गांडूळ आज गुलाबाची मुळं दाखवणार आहे."