स्टार्टरचा सत्कार

माणसांच्याही आधी अवजारं सत्कार-समारंभ करायची, तेव्हाची गोष्ट. एका गोठ्याशेजारी ट्रॅक्टर होता. चावी फिरवली की त्याचा स्टार्टर "टक्" म्हणायचा आणि गप्प बसायचा. मग कवड्या बैल मागून डोकं लावून ट्रॅक्टर ढकलायचा, तेव्हा कुठे इंजिन धडधडायचं.

"दोष बॅटरीचा," स्टार्टर म्हणाला. बॅटरी बदलली. टक्.

"मग वायरीचा असेल." वायर बदलली. टक्.

म्हातारा पाना वैतागला. "बॅटरी नवी, वायर नवी. जुना तेवढा तूच राहिलास!" त्यानं बोल्ट सोडवून स्टार्टर काढला आणि नवा बसवला. पहिल्याच चावीला इंजिन सुरू!

पण जुन्याला तसंच कसं पाठवायचं? शाल आली, नारळ आला.

"दहा वर्षं रोज सकाळी हा ट्रॅक्टर यांनीच चालू केला," नांगरानं भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. कवड्यानंही घुंगरं वाजवली.

"आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत."

स्टार्टरनं शाल सावरली, घसा खाकरला आणि म्हणाला, "टक्."

सगळे पुढच्या शब्दाची वाट पाहत बसले. कवड्या मात्र सवयीनं उठला आणि त्याला मागून ढकलू लागला.