प्राजक्ताचे देठ आणि पालखी

फार फार वर्षांपूर्वी, राजे जत्रेला पायी येत आणि बैल माणसांशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी झोप आल्याचं सोंग न करता ऐकावी, कारण खरं तर ती त्यांच्यासाठीच आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. नाव सांगत नाही. ज्याला त्याला ते आपलंच वाटेल. त्या गावच्या चैत्रातल्या जत्रेत साखरभात होई. साखरभात काय, पंचक्रोशीत सगळीकडेच होई. पण या गावचा भात असा केशरी, की पान वाढलं की माणूस आधी बघत बसे आणि मग जेवे. आणि गंमत अशी, की त्यात केशराची एक काडीही नसे. रंग यायचा तो प्राजक्ताच्या वाळवलेल्या देठांतून.

प्राजक्ताचं फूल पांढरं, पण देठ शेंदरी. ते पहाटे गळतं. ऊन चढायच्या आत ते वेचायचं, देठ नखानं खुडून वेगळा करायचा आणि सुपात पसरून सावलीत वाळवायचा. उन्हात टाकला तर रंग उडतो. ओलसर राहिला तर बुरशी धरते, आणि एक काळा देठ सगळं मडकं नासवतो. टोपलीभर फुलांचे ओंजळभर देठ निघतात, आणि वाळले की चिमूटभर उरतात. श्रावणापासून कार्तिकापर्यंत रोज हे केलं, की एक मडकं भरतं. मग चैत्रात ते देठ कोमट पाण्यात भिजवायचे, पाणी गाळायचं आणि भातावर ओतायचं. झालं. यात मंत्र नाही की तंत्र नाही. पहाटे उठणं आहे.

आणि पहाटे उठत होती एकटी हौसाई.

नाव हौसाई, पण हौस कधीच सरली होती. लग्न होऊन आली तेव्हा ती सासूच्या मागे मागे फुलं वेचायला जायची. पुढे सासू गेली, नवरा गेला, वेचणं तेवढं राहिलं. जत्रेतलं लाल सरबतही तीच करायची, जास्वंदीच्या वाळवलेल्या पाकळ्यांचं. वाकून वाकून तिची कंबर धरली होती. गुडघे बसताना कुरकुरायचे आणि उठताना ओरडायचे. अंगठ्याचं नख बाराही महिने शेंदरी असायचं, कितीही घासलं तरी जायचं नाही.

तिची एकच इच्छा होती. एकदा, आयुष्यात एकदा, ऊन तोंडावर येईपर्यंत झोपायचं.

एका जत्रेत भाताचं पाणी गाळता गाळता ती बायकांना म्हणाली, "आता न्हाई व्हत गं माझ्याच्यानं. पुढल्या साली तुमच्यातल्या कुणीतरी या माझ्यासंगं. मी दाखवते समदं."

बायका एकदम कळवळल्या. "अगं, असं काय बोलतीस हौसाई! तुझ्या हाताला गुण हाय. आम्ही वेचली तर नुसता कचरा व्हईल त्याचा."

हातगुण हा शब्द फार सोयीचा. ज्याचं काम आपल्याला करायचं नसतं, त्याच्या हाताला गुण असतो.

पण म्हातारीची कुरकुर पाटलाच्या कानावर गेली, आणि पाटील होता मनाचा मोठा. त्याने संध्याकाळी भर जत्रेत तिला पुढे बोलावलं आणि तिच्या खांद्यावर शाल घातली. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. चैत्रातला उकाडा, त्यात लोकरीची शाल! हौसाई घामाघूम झाली. पण तिला बरंही वाटलं, हे कशाला लपवा? इतक्या वर्षांत तिच्याकडे कोणी असं थांबून बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "असू द्या. करीन आणखी एक वर्स."

तिथेच फसली बिचारी.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा तेच सांगितलं. गावाने विचार केला, शाल कमी पडली. म्हणून प्राजक्ताभोवती चांगला दगडी पार बांधला. आता फुलं वेचायला तिला तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या. त्याच्या पुढच्या वर्षी तिने हात जोडून सांगितलं, तेव्हा तिला पालखीत बसवून मिरवायचं ठरलं. पालखी सजेपर्यंत ती दुपारभर उपाशी बसून राहिली. रात्री घरी आली तेव्हा पाय असे सुजले होते, की पैंजणासारखे वळ उठले होते. ते चोळायला घरात कोणी नव्हतं.

त्या श्रावणात पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला हौसाई देठ खुडत ओसरीवर बसली होती. कुंपणापलीकडे तेल्याचा म्हातारा बैल नुकताच घाण्यावरून सुटून आला होता. त्याच्या शिंगांवर अजून कालचा हिंगूळ होता.

"दमलास का रं?" हौसाईने विचारलं.

"तुझ्याएवढाच," बैल म्हणाला. "काल मला पुरणपोळी दिली. पाठीवर झूल घातली, गावभर वाजवत मिरवला. मालक माझ्या पाया पडला."

"मंग?"

"मंग आज दिस उगवायच्या आत डोळ्यांना झापडं बांधली आन् घाण्याला जुंपला." तो जरा वेळ रवंथ करत राहिला. "मला वाटलं व्हतं, पाया पडला म्हंजे आज तरी सोडंल. झुलीनं जू हलकं व्हत न्हाई, हौसाई. तुला शाल दिली, मला झूल. येकच कापड."

हौसाईने सुपातले देठ नुसतेच बोटांनी सारखे केले.

"माझं आपलं बरं हाय," बैल पुढे म्हणाला. "मी मालकासमोर तोंड उघडलं तर त्याला हंबरणं ऐकू येतं. तुला तर माणसाचं तोंड हाय. येकदा नीट सांगून तरी बघ."

दुसऱ्या दिवशी हौसाईने पाणवठ्यावर घागर खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "बायांनो, मला शाल नको, पालखी नको. माझं अंग मोडून आलंय. उद्या पहाटं येकीनं तरी या. येक सूप घेऊन या, बस्स."

एकीने पदर डोळ्याला लावला. "काय मन हाय बघा माउलीचं! स्वतःसाठी कायबी मागत न्हाई." दुसरी म्हणाली, "असं माणूस व्हणे न्हाई." पाटलाच्या सुनेने तर तिथल्या तिथे जात्यावर म्हणायला हौसाईच्या नावाची ओवी केली. पुरुषमंडळी चावडीवर बसून होती, त्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे घराघरांतून ती ओवी ऐकू येत होती. म्हणजे सगळ्या जाग्या होत्या. झाडही नदीच्या वाटेवरच होतं. आणि हौसाई झाडाखाली एकटी वाकलेली होती, स्वतःची ओवी ऐकत.

भाद्रपद गेला. आश्विनात एके पहाटे तिला ताप भरला. तरी सवयीने ती झाडापाशी आली, तीन पायऱ्या चढली आणि चौथं फूल उचलता उचलता तिथेच आडवी झाली. वरून फुलं गळत राहिली. तिच्या केसांवर पडली, पाठीवर पडली, उघड्या तळहातावर पडली.

नदीवर निघालेल्या बायका आल्या आणि थबकल्या.

"बघा गं," एक कुजबुजली, "झाड तिची पूजा करतंय."

"भाग्याची गं बाई!"

हौसाईला सगळं ऐकू येत होतं, डोळे तेवढे उघडत नव्हते. कपाळाला कोणाचा तरी हात लागेल म्हणून ती वाट बघत राहिली. बायकांनी लांबूनच हात जोडले, एकीने पायरीला डोकं टेकवलं, आणि तिची झोपमोड नको म्हणून सगळ्या पाय न वाजवता निघून गेल्या.

तिला जाग आली तेव्हा ऊन तोंडावर आलं होतं. इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाली होती, तापात आणि दगडावर. भोवतालची फुलं मलूल होऊन गेली होती. त्यांतलं एकही कोणी उचललं नव्हतं.

हौसाई तिथे थोडं रडली. राग यायलाही अंगात जोर लागतो, तो तिच्याकडे नव्हता. मग ती घरी गेली, दोन लुगडी शालीत बांधली, आणि बैलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवून नदी ओलांडून धाकट्या बहिणीच्या वाडीला निघून गेली.

बहिणीने तिला दारातच ओळखलं आणि दारातच झापलं. "मेली असतीस म्हंजी! काय हे अंग तापलंय! बस तिथं. हलू नकोस." ना ती पाया पडली, ना तिने ओवी म्हटली. तिने पेज केली, तिचे पाय शेकले आणि दुसऱ्या पहाटे अंगणातल्या प्राजक्ताखाली स्वतःच सूप घेऊन बसली. "हे असंच खुडायचं का गं?" तिने आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं. पण आतून उत्तर आलं नाही. हौसाई झोपली होती.

इकडे चैत्र आला. गावाला काळजी नव्हती. हौसाई गेली तरी तिची पुण्याई मडक्यात असेल, असं सगळे म्हणत होते. जत्रेच्या सकाळी मडकं उघडलं, तर ते अर्धंच भरलेलं, आणि होते तेवढे देठही बुरशीने काळे पडलेले. धावाधाव झाली. झाडाकडे माणसं पळाली, पण चैत्रात प्राजक्ताला फूल कुठलं? शेवटी एकीने भातात हळद घातली. भात पिवळा झाला आणि साखरेतून वरणाचा वास यायला लागला. दरसाल जत्रेला पायी येणाऱ्या राजाने एक घास घेतला, पाणी प्यायला आणि पान पुढे सारलं. पुढच्या वर्षापासून तो त्या जत्रेला आला नाही, आणि त्याच्यामागून येणारी गावंही यायची बंद झाली.

जत्रा संपताच पाटील पालखी घेऊन नदीपार गेला. हौसाई अंगणात उन्हाला पाठ करून बसली होती. तब्येत सुधारली होती. शेजारी बहीण आणि वाडीतल्या दोघीतिघी जास्वंदीच्या पाकळ्या सावलीत पसरत होत्या. हौसाई बसल्या जागेवरून सांगत होती, "पातळ पसरा. येकावर येक नको."

पाटील हात जोडून म्हणाला, "माउली, परत चला. गाव तुमच्या पायाशी लोळंल."

हौसाईने पालखीकडे बघितलं. तिला पाटलाचा रागही आला नाही. ती नुसती दमल्या आवाजात म्हणाली, "पालखी नको, पाटील. चार सुपं घेऊन चार माणसं येऊ द्या. म्हंजे शिकवते."

पाटील खाली मान घालून परतला. चावडीवर सभा भरली. हौसाईच्या शब्दांवर रात्र होईपर्यंत खल झाला. अखेर सगळ्यांचं एकमत झालं, की पालखी लहान पडली. हत्ती न्यायला हवा होता.

हत्ती कुठून आणणार? म्हणून त्यांनी हौसाईची दगडी मूर्ती घडवली आणि प्राजक्ताखालच्या पारावर बसवली. मूर्ती सुंदर होती. कारागिराने तिला ताठ बसवली होती, कंबर दुखल्याची खूण कुठेच नव्हती. दर जत्रेला तिच्यापुढे भाताचा नैवेद्य ठेवत. भात पांढरा असे.

आणि श्रावण लागला, की रोज पहाटे त्या मूर्तीवर प्राजक्ताचा सडा पडे. ऊन चढायच्या आत गावातल्या बायका न चुकता येत, ओवी म्हणत, ओणव्या होत आणि देवीचा पार स्वच्छ राहावा म्हणून ती सगळी फुलं झाडून नदीत टाकून देत.

तात्पर्य : दमलेल्या माणसाला मखरात बसवू नका, त्याच्या हातातलं सूप घ्या.