आसनावरची कफनी

"...तर मग राज्य चालवतं कोण?" फकिरानं विचारलं.

हिर्लेकर खुलले. निवृत्त उपसचिव सदानंद हिर्लेकरांनी नेमक्या याच प्रश्नावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. सगळ्या प्रती सरकारी वाचनालयांनी घेतल्यामुळे तो कुणी वाचला नव्हता.

"पद चालवतं, बाबा. माणूस नाही. राजाची लहर गेली, नियम आला. माणसं येतात, जातात, खुर्ची राहते. आधुनिक राज्याची सगळी थोरवी यातच आहे."

"मग या फकिराच्या तकियात कशाला आलात?"

...

हिर्लेकरांनी अडखळत सांगितलं. धरणात गेलेल्या गावातली एक बाई होती, गोदाबाई. नव्या गावठाणात सोडतीनं तिला एका टोकाचा प्लॉट मिळाला, तिच्या आंधळ्या बहिणीला दुसऱ्या टोकाचा. तिला तो बदलून हवा होता; अर्ज हिर्लेकरांच्या टेबलावर होता. नियमात बसत नव्हतं.

"नकार मी दिला नाही, नियमानं दिला. एवढं तुम्ही तरी म्हणा, बाबा. मला झोप लागत नाही."

फकिरानं अंगातली कफनी काढली, आपल्या आसनावर नीट पसरली आणि उघड्या अंगानं शेळ्यांकडे चालू लागला.

"बाबा, उत्तर?"

"आसन आहे की. बसा."

हिर्लेकर बसले. कफनीवर माशी बसली, उठली. उन्हं कलली. आधी त्यांना राग आला; असं ताटकळत बसायची त्यांना सवय नव्हती. मग हळूहळू आपला तपकिरी कोट आठवला.

गोदाबाई कचेरीच्या फाटकात दिसली की ते कोट खुर्चीला अडकवून मागच्या दप्तराच्या खोलीत जाऊन बसत. शिपाई तिला सांगे, कोट आहे म्हणजे साहेब आहेत, येतील. त्यात खोटं काहीच नव्हतं. ती बाकावर बसून कोटाकडे बघत राही. कचेरी सुटली की पदर सावरून उठे.

पुढे ती येईनाशी झाली.

फकीर परतला.

"झालं का काम?"

"तिला तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती माझ्यात."

"मग आता सांगा जाऊन."

"वारली ती. त्या टोकालाच... एकटी."

...

हिर्लेकरांनी हात जोडले. "मला माफ करा, बाबा."

फकिरानं कफनी झटकली, अंगात घातली.

"साहेब, ते माझ्या अखत्यारीत नाही."